कुंपणाबाहेरचा प्रशिक्षक

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत होतो. दुपारचे दोन वाजून गेले होते. फोन मंदावहिनींचा होता. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि मग फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. दुपारच्या पाळीसाठी तो नेहमीच्या एसटीने सिन्नरला निघाला होता. खिडकीशी बसला होता. शेजारच्या माणसाला वाटलं, डोळा लागलाय. सिन्नरच्या स्टँडवर सगळे उतरले, तो उतरला नाही... कंडक्टरने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

याला आता पाच आठवडे झाले. एव्हाना माझा राग उतरायला हवा होता. मी तसा रागीट माणूस नाही. आयुष्यभर लोकांना हळू बोला म्हणून सांगत आलो. पण हा राग काही जात नाही. रोज सकाळी तो माझ्या आधी उठलेला असतो. तेव्हा विलास गांगुर्डेबद्दल लिहायचं तर रागानेच लिहावं लागेल. वाचकांनी मला तेवढं समजून घ्यावं.

आम्ही नाशिक रोडच्या याच कॉलेजात एका वर्गात होतो. तो प्रेस कॉलनीतला, मी स्टेशनमागच्या चाळीतला. बेसबॉल हा शब्द आमच्यातल्या बहुतेकांनी कॉलेजातच पहिल्यांदा ऐकला. क्रिकेटच्या संघात ज्यांची वर्णी लागली नाही त्यांना क्रीडाशिक्षकांनी एका बाजूला उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून तुम्ही बेसबॉल." मला तर धड धावताही येत नव्हतं. सरांनी माझी वही उघडून पाहिली. "अक्षर बरं आहे. तू स्कोअरर." अशा रीतीने मी तीन वर्षं मैदानाच्या कडेला बाकावर बसून विलासचा खेळ लिहून काढला.

आमच्याकडे चेंडू झेलायचे चामड्याचे ग्लव्ह सहा होते आणि मैदानात खेळाडू नऊ. समोरच्या संघाची गतही तीच. म्हणून एक रीत पडून गेली होती. डाव बदलला की मुलं आपापल्या जागी गवतात ग्लव्ह ठेवून यायची आणि समोरच्या संघातली मुलं तेच उचलून घालायची. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच घामाने ओला झालेला ग्लव्ह. विलासची अडचण वेगळीच होती. तो डावखुरा. डाव्या हाताने फेकणाऱ्याला ग्लव्ह उजव्या हातात लागतो, आणि तसला ग्लव्ह मी तरी तेव्हा कुठल्याच संघाकडे पाहिला नाही. तो दुसऱ्यांचाच ग्लव्ह उलटा करून उजव्या हातात कोंबायचा, करंगळीच्या खोबणीत अंगठा. एकदा त्याचा अंगठा निखळला तो कायमचा वाकडा राहिला. अशा हाताने तो आमचा पिचर होता, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारा, संघातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. त्याचा चेंडू सरळ यायचा आणि बॅटशी येता येता खाली बसायचा. माझ्या वहीत समोरच्या संघाच्या पानांवर भोपळेच भोपळे. सामना संपला की तो माझ्या खांद्यावरून वाकून बघायचा. "काय पंडित, मला किती मार्क दिले?" मला सगळे पंडित म्हणत, ते कौतुक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्याची राज्याच्या संघात निवड झाली. पत्र आलं होतं. आम्ही दहा-बारा जण त्याला पोचवायला नाशिक रोड स्टेशनवर गेलो. गाडी आली, संघाचे मॅनेजर दारात उभे. हातातला कागद न बघताच ते म्हणाले, "गांगुर्डे ना? तुझं नाव शेवटच्या यादीत नाही रे. पुढच्या वर्षी बघू." त्याच्या जागी निघालेला मुलगा त्यांच्या मागेच उभा होता, कोरा ट्रॅकसूट घालून. तो कुणाचा पुतण्या होता ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. विलासने काय करावं? आईने दिलेला लाडवांचा डबा त्या मुलाच्या हातात दिला. म्हणाला, "घे, सगळ्यांना पुरतील. डबा तेवढा परत आण." गाडी सुटली. आम्ही वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

हा प्रसंग मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत असे. किती मोठं मन, म्हणून सांगत असे. आता आठवला की मला त्याच्या हातातून तो डबा हिसकावून घ्यावासा वाटतो. पुढच्या वर्षी तो राज्याकडून खेळला, खरं आहे. जिंकूनही आला. पण त्या स्टेशनवर काही लोक एक गोष्ट शिकून गेले: याचं नाव गाळलं तरी हा काही बोलत नाही.

कॉलेज संपल्यावर वडिलांच्या आजारपणामुळे त्याने सिन्नरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी धरली. मी ग्रंथालयात लागलो. काही वर्षं तो हौशी संघांतून खेळला, मग गुडघे बोलायला लागले. एका सकाळी मी कॉलेजात आलो तर हा मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेला. समोर पाच-सहा मुली टेनिसचा चेंडू इकडून तिकडे फेकत होत्या. "पंडित, ती लाल ओढणीवाली बघ," तो म्हणाला. "तिला कुणी शिकवलेलं नाही, तरी मनगट बघ." पुढच्या आठवड्यात त्याने कारखान्यात कायमची दुसरी पाळी मागून घेतली. ती पाळी लोक टाळतात, हा मागतोय म्हटल्यावर साहेबांनी लगेच दिली. त्या दिवसापासून त्याच्या सकाळी मुलींच्या झाल्या. वीस वर्षांहून जास्त.

त्याने संघासाठी पहिली वस्तू आणली ती डावखुऱ्या खेळाडूचा ग्लव्ह. तेव्हा संघात एकही डावखुरी मुलगी नव्हती. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "येईल की." फाटलेले चेंडू तो घरी नेऊन चांभारी दोऱ्याने पुन्हा शिवायचा. पहिले पंधरा दिवस नव्या मुलीला बॅटला हात लावू द्यायचा नाही. नुसतं फेकायचं आणि झेलायचं. "आधी हात शिकू देत, मग डोकं," म्हणायचा. ओरडताना मी त्याला पाहिलं नाही. एखादीने सोपा झेल सोडला की तो फक्त विचारायचा, "चेंडू गरम होता का गं?" बाकीच्या हसायच्या आणि पुढचा झेल ती सोडायची नाही.

मुली मिळवायला तो गावोगाव हिंडला. एकदा मला बरोबर घेऊन पिंपळगाव बसवंतला गेला. तिथल्या शाळेतल्या एका मुलीला त्याने भालाफेकीत पाहिलं होतं. तिची आई द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मणी छाटायच्या कामावर होती. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, हातात कात्री तशीच.

"बॉल फेकून पोट भरतं का हो सर?" तिने विचारलं.

"नाय भरत," विलास म्हणाला. "सर्टिफिकेटनं भरतं. राज्याकडून खेळली तर पोलिसात जागा असतात खेळाडूंना."

"अन् हातपाय मोडला तर?"

त्याने आपला वाकडा अंगठा पुढे केला. "हे बघा. लग्न झालं तरी."

ती बाई खो-खो हसली. मुलगी पुढच्या महिन्यात नाशिक रोडला मावशीकडे राहायला आली आणि यथावकाश संघाची कॅचर झाली, पिचरसमोर उकिडवं बसून प्रत्येक चेंडू झेलणारी.

मुली जिंकू लागल्या. जिल्हा, विभाग, मग राज्य. सर्टिफिकेटं आली. एक वनखात्यात लागली, तिघी पोलिसांत, एक तहसील कचेरीत. सिन्नरच्या एका कांद्याच्या चाळीत अभ्यास करणारी मुलगी देशाच्या शिबिरापर्यंत गेली. आणि यातल्या एकाही सर्टिफिकेटवर, एकाही अहवालात, एकाही फोटोखाली प्रशिक्षक म्हणून विलास गांगुर्डे हे नाव नाही.

आमच्या खेळातली रीत अशी की संघ कोणी घडवला ते महत्त्वाचं नाही. संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून कोण जाणार ते संघटना ठरवते. आमच्या संघटनेच्या सचिवांनी ते कायमचं ठरवून टाकलं होतं. त्यांचा मेहुणा. टायरचं दुकान आहे त्याचं. माणूस वाईट नाही. एका फोटोत तो ग्लव्ह उताणा धरून उभा आहे, पानाचं तबक धरावं तसा. मुली त्याला आपसात 'पाहुणे' म्हणायच्या. पाहुणे आरक्षित डब्यातून जायचे, मैदानात खेळाडूंच्या बाकावर बसायचे, मुलींना पाण्याच्या बाटल्या द्यायचे. विलास रजा टाकून, साध्या डब्यातून, स्वतःच्या पिशवीत पोळी-भाजी घेऊन मागून जायचा आणि कुंपणाबाहेर उभा राहायचा. आत यायला पास लागतो, पास पाहुण्यांकडे.

तिथून तो संघ चालवायचा. टोपीला हात लावला की बॅट नुसती टेकवायची. कान धरला की पुढच्या बेसकडे पळायचं. कोपर चोळलं की थांब. मुली बॅट घेऊन उभ्या राहिल्या की आपल्या बाकाकडे बघायच्याच नाहीत. मान वळवून कुंपणापलीकडे बघायच्या. एकदा मी बरोबर होतो तेव्हा पंचांच्या ते लक्षात आलं. "ओ काका, हातवारे बंद करा, नाहीतर इथून जा." विलास निमूट वीसेक पावलं मागे सरकला आणि उसाच्या रसाच्या गाडीआडून टोपी, कान, कोपर चालू. रसवाला शेवटी वैतागला. "तुम्हाला काय खाज सुटलीय का हो?" आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी करंडक उचलला. विलासने रसवाल्याकडून दोन ग्लास घेतले, एक मला दिला. मीही प्यायलो.

आणि आता माझं सांगतो, कारण नुसता दुसऱ्यांवर राग काढणं सोपं आहे. या सगळ्या विजयांच्या बातम्या वर्तमानपत्रांकडे कोण पाठवायचं? मी. माझं मराठी बरं म्हणून सचिव मला मुद्दे पाठवायचे आणि मी नीट बातमी लिहून द्यायचो. शेवटी एक ओळ असायची, 'प्रशिक्षक' आणि पुढे मेहुण्याचं नाव. पहिल्या वर्षी माझा हात अडला. मी विलासला फोन करून विचारलं, "तुझं नाव घालू का?" तो म्हणाला, "नको." मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. दरवर्षी ती ओळ माझ्या बोटांनी लिहिली, शुद्धलेखन तपासून.

असं नाही की आम्ही कधी भांडलो नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने बिनपगारी रजा काढून प्रशिक्षकाचा रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केला. आता काही सबब उरली नव्हती. तरीही यादीत पाहुणेच आले. मी रात्रभर नव्हे, चांगले चार दिवस घालवून तक्रारअर्ज लिहिला. कुठल्या वर्षी कुठल्या मुली, कुठल्या स्पर्धा, सगळं. ग्रंथालयात त्याच्यासमोर ठेवला. त्याने सावकाश वाचला.

"अक्षर अजून तसंच आहे तुझं," तो म्हणाला.

"सही कर."

"सही केली की काय होईल माहितीय? पुढच्या यादीत नाशिकची एकपण पोरगी नसंल. भरतीच्या वेळी सर्टिफिकेटची पडताळणी होते, तेव्हा पत्र कोण देतं? तेच देतात. पत्र महिनाभर टेबलावर पडून राहिलं तरी पोरीची जागा गेली."

"म्हणून तू आयुष्यभर कुंपणाबाहेर उभा राहणार?"

"बाहेरून जास्त दिसतं रे," तो हसून म्हणाला. "माझं नाव लागलं काय, नाय लागलं काय. पोरींची लागली पाहिजेत."

अर्ज त्याने घडी करून खिशात घातला. पुढे काय केलं त्याचं, माहीत नाही. त्या दिवशी मी त्याच्यावर चिडलो, आणि घरी जाता जाता नेहमीप्रमाणे मनात म्हणालो, किती निःस्वार्थी माणूस. आज मला तो शब्द सहन होत नाही. मुलींच्या नोकऱ्या ओलीस ठेवून एका माणसाकडून वीस वर्षं खंडणी घेतली गेली, आणि आम्ही तिला निःस्वार्थ म्हणत राहिलो. तो हसत होता म्हणून आमचं काम सोपं झालं.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याला अँजिओग्राफी करून घ्यायला सांगितलं होतं. "स्पर्धा झाल्यावर करतो," असं तो वहिनींना म्हणाला. मला तर त्याने सांगितलंच नाही. दारापाशी उभं राहून त्याने गाडीचा प्रवास केला, तीन दिवस ऊन डोक्यावर घेतलं. आत मंडप होता, खुर्च्या होत्या, प्रथमोपचाराची माणसं होती. मुली जिंकल्या. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तो सिन्नरच्या एसटीत बसला.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. स्टेजवर त्याचा मोठा फोटो, आणि नावाखाली छापलेलं: ज्येष्ठ क्रीडाप्रेमी. मी तो शब्द तीनदा वाचला. क्रीडाप्रेमी तर मीही आहे. बाकावर बसून शेंगा खाणारा प्रत्येक जण क्रीडाप्रेमी असतो. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं की नाही मला माहीत नाही. सचिव चांगलं बोलले. मधे त्यांचा आवाजही दाटून आला, आणि तो खोटा नव्हता असं मला वाटतं. ते जास्तच वाईट. "विलासभाऊ म्हणजे आमच्या संघाचा कणा," ते म्हणाले. त्याच्या नावाने फिरता करंडक जाहीर केला. टाळ्या वाजल्या. मेहुणे मान खाली घालून बसले होते.

मग मागून ती पिंपळगावची कॅचर उभी राहिली. आता तेवीस वर्षांची आहे. पोलीस भरतीत निवड झालीय, पडताळणी बाकी आहे.

"साहेब, एक विचारू का?" ती म्हणाली. "सर कणा होते, तर आमच्या सर्टिफिकेटवर प्रशिक्षक म्हणून नाव कोणाचं हाय?"

सचिव म्हणाले, "बाळा, हा विषय आज नको. आज दुःखाचा दिवस आहे."

"मग कोणत्या दिवशी घ्यायचा?"

कुणीतरी घाईने दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो. मला बोलता आलं असतं. मी दुसऱ्या रांगेत होतो, मला सगळं माहीत होतं, माझी नोकरी संपायला वर्षच उरलंय, माझं कुणी काय करणार होतं? मी दोन मिनिटं शांतता पाळली.

गेल्या आठवड्यात ती मुलगी ग्रंथालयात आली. सभेनंतर पायऱ्यांवर सचिवांनी तिला बाजूला घेतलं होतं. रागावले नाहीत, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं पडताळणीचं पत्र आपल्याकडूनच जायचंय ना अजून?" बस, एवढंच. ती सांगत होती आणि मला विलास ऐकू येत होता. त्याच्यानंतर आता हिची पाळी होती.

मी तिला सांगितलं की मी हा लेख लिहितोय, सगळं लिहिणार आहे. तिने टेबलावरची पानं ओढून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. सभेच्या प्रसंगापाशी थांबली.

"इथं नुसतं 'पिंपळगावची कॅचर' लिहिलंय तुम्ही."

"तुझं नाव मुद्दाम घातलं नाही," मी म्हणालो. "पत्र येऊ दे आधी. नोकरीवर रुजू हो. आईचा विचार कर. नाव काय, नंतरही लिहिता येईल."

तिने पानं टेबलावर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जड गेलं.

"सरांना पण असंच विचारलं होतं ना काका तुम्ही? नाव घालू का म्हणून?"

पाच आठवडे मी ज्या गोष्टीचा राग करतोय म्हणतो, तीच मी मिनिटभरापूर्वी मऊ आवाजात, काळजीने, तिच्या भल्यासाठी बोललो होतो. सचिवांचा आवाज याहून वेगळा नसेल.

"पत्र नाही दिलं तर?" मी विचारलं.

"तर मागायला जाईन. ह्या लेखाचं कात्रण घेऊन जाईन." खुर्ची ओढून ती समोर बसली. "लय विचार केलाय काका मी. आईला पण विचारलं. ती म्हणली, सर आपल्याकडे आले तेव्हा स्वतःचं नाव सांगूनच आले होते. लिहा तुम्ही. पूर्ण लिहा, वडलांच्या नावासकट. अन् मी बसलेय हितंच, लिहीपर्यंत."

मी पेन उघडलं. मैदानावर कुणी नव्हतं, परीक्षा चालू होत्या. ती टेबलावर कोपरं टेकून माझ्या हाताकडे बघत होती, आणि मी बातमी लिहावी तसं, सगळ्यात खाली, सावकाश लिहिलं:

सभेत प्रश्न विचारणारी खेळाडू: रोहिणी नामदेव शेळके, पिंपळगाव बसवंत.

प्रशिक्षक: विलास काशिनाथ गांगुर्डे.